सैनिकाच्या घरामागे उभे राहताना : नागरिकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे आणि शिरोळ तालुक्यातील टाकळीला सगळे सैनिक टाकळी म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंग्यातील ४६ जण कामी आले आणि त्यांचे स्मारक गावात आजही आहे. अशा गावांत सैनिकाच्या कुटुंबाला काय लागते हे कुणाला शिकवावे लागत नाही, कारण बहुतेक घरांतला एखादा माणूस सैन्यात असतो किंवा तिथून परत आलेला असतो. जिथे सैनिकाचे घर एकटे पडलेले असते, म्हणजे शहरातल्या सोसायटीत, नोकरदारांच्या वसाहतीत किंवा ज्या गावातून पहिल्यांदाच कुणी भरती झाले आहे अशा गावात, तिथे मात्र लोकांच्या मनात आदर असूनही नेमके काय करावे हे उमगत नाही. मग तो आदर २६ जानेवारीच्या सत्कारापुरता आणि शाल-श्रीफळापुरता उरतो.

आपल्या मागे घर नीट चालले आहे ही खात्री सैनिकाला सर्वांत मोठा आधार देते, असे माझे ठाम मत आहे. शासनाने सैनिकांसाठी पुष्कळ तरतुदी केलेल्या आहेत, पण त्या आणि सैनिकाचे घर यांच्यामध्ये कागदपत्रे, जिल्ह्याच्या गावापर्यंतचे अंतर आणि माहितीचा अभाव उभा असतो. ही दरी भरून काढण्यासाठी पद किंवा पैसा लागत नाही. महिन्याकाठी थोडा वेळ आणि चिकाटी असली की सामान्य शेजाऱ्यालाही ते काम जमते. पुढील मांडणी त्याच दृष्टीने केली आहे.

पहिली पायरी : घर कोणाचे आहे ते नीट समजून घ्या

मदतीला सुरुवात करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. संबंधित व्यक्ती सध्या सेवेत आहे, निवृत्त आहे की दिवंगत आहे? ती लष्कर, नौदल किंवा वायुदलात होती की केंद्रीय सशस्त्र पोलीस दलात? आणि तिला पेन्शन मिळते का?

दुसरा प्रश्न लोक हमखास विसरतात आणि त्यामुळे बरीच धावपळ वाया जाते. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, भारत-तिबेट सीमा पोलीस ही दले गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. ‘माजी सैनिक’ या शासकीय व्याख्येत लष्कर, नौदल आणि वायुदल येते आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बहुतेक योजना याच तीन दलांसाठी असतात. केंद्रीय राखीव पोलीस दलातील जवानाच्या पत्नीला त्या कार्यालयाच्या रांगेत उभे करण्यापेक्षा जवानाच्या ग्रुप सेंटरशी किंवा बटालियनच्या कल्याण शाखेशी संपर्क करून देणे उपयोगाचे ठरते.

तिन्ही सेनादलांतील कुटुंबांसाठी मुख्य दार जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हेच आहे. जिल्हाधिकारी जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष असतात, राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे आणि दिल्लीत संरक्षण मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय सैनिक मंडळ काम करते. आपल्या जिल्ह्याचे कार्यालय कुठे आहे, तिथे कोणत्या दिवशी जावे आणि नोंदणीसाठी काय लागते, हे एकदा स्वतः जाऊन पाहून यावे. निवृत्त सैनिकाकडे तिथले माजी सैनिक ओळखपत्र आणि वीरपत्नीकडे तिच्या नावाचे ओळखपत्र असायला हवे, कारण पुढच्या जवळपास प्रत्येक अर्जाला तेच लागते.

सेवेतील सैनिक : तो नसताना त्याची जमीन आणि त्याचे घर

जवानाला साधारणपणे वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते, पण ती सलग मिळत नाही आणि हवी तेव्हा मिळेलच असेही नाही. उरलेले सगळे दिवस बांधावरचे भांडण, मुलाचा शाळाप्रवेश, आईचे दुखणे, गॅसचे केवायसी आणि घरपट्टीची नोटीस हे सर्व पत्नी किंवा म्हातारे आईवडील निभावतात. सैनिक सुट्टीवर आला की ती सुट्टी तहसील कचेरीत आणि बँकेत संपते, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना शेजाऱ्याच्या मदतीचे मोल कळेल.

सर्वांत जास्त त्रास जमिनीचा होतो. भाऊबंदकीत बांध कोरला जातो, वाटणीची नोंद परस्पर घातली जाते, आणि सैनिकाला हे सारे सहा महिन्यांनी समजते. फेरफाराची नोंद झाली की चावडीवर नोटीस लागते आणि हितसंबंधितांना हरकत घेण्यासाठी १५ दिवस मिळतात, पण सियाचीनमध्ये असलेल्या माणसाला चावडीवरची नोटीस दिसणार कशी? यासाठी गावातील एखाद्या विश्वासू व्यक्तीने सैनिकाच्या संमतीने पुढील कामे अंगावर घ्यावीत.

दर दोन-तीन महिन्यांनी त्याच्या गटाचा डिजिटल सात-बारा आणि आठ-अ काढून त्याला पाठवावा. चावडीवर त्याच्या गटाची नोटीस दिसली तर तिचा फोटो त्याच दिवशी पाठवावा आणि त्याच्या पत्नीला किंवा वडिलांना लेखी हरकत दाखल करायला सोबत घेऊन जावे. हरकतीची पोच घ्यायला विसरू नये, कारण पोच नसलेली हरकत नंतर कुणालाच आठवत नाही. प्रकरण वाढले तर सैनिकाने आपल्या युनिटच्या कमांडिंग अधिकाऱ्यामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस अधीक्षकांना पत्र पाठवण्याची रीत आहे आणि त्या पत्राची जिल्हा पातळीवर दखल घेतली जाते. पत्र पोहोचल्यावर ते कोणत्या टेबलावर आहे, याचा पाठपुरावा मात्र गावातल्या माणसानेच करायचा असतो.

न्यायालयात दावा दाखल झाला असेल तर आणखी एक तरतूद वकिलाच्या कानावर घालावी. १९२५ चा भारतीय सैनिक (खटले) अधिनियम आजही लागू आहे. विशेष परिस्थितीत सेवा बजावत असल्यामुळे सैनिक न्यायालयात हजर राहू शकत नसेल, तर त्याच्यासंबंधीचे दिवाणी किंवा महसुली कामकाज स्थगित ठेवण्याची सोय या कायद्यात आहे. तालुक्यातील नव्या वकिलांना हा कायदा बहुधा ठाऊक नसतो. तो वेळेवर दाखवून दिल्याने एकतर्फी हुकूम टळू शकतो.

याशिवाय जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली असून तिच्याद्वारे सैनिक, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांना विनामूल्य कायदेविषयक साहाय्य मिळावे असा हेतू आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात या योजनेचे नाव घेऊन चौकशी करावी.

घरातली मदत करताना एक मर्यादा मात्र पाळावी. सैनिकाची पत्नी घर समर्थपणे चालवत असते. तिला सल्ल्यापेक्षा सोबतीची गरज असते आणि तीही तिने मागितली तेव्हाच. “वहिनी, उद्या मी जिल्ह्याच्या गावी जाणार आहे, तुमचे काही काम आहे का?” एवढे विचारणे पुरेसे आहे. तिच्या येण्याजाण्याची चर्चा करणारे गाव सैनिकाला सर्वांत जास्त दुखवते आणि ती चर्चा थांबवणे हीदेखील शेजाऱ्याने करायची मदतच आहे.

निवृत्त सैनिकाचे कागद : याच ठिकाणी सर्वाधिक काम आहे

संरक्षण खात्याची पेन्शन आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून प्रयागराज येथील पेन्शन लेखा कार्यालयामार्फत थेट खात्यात जमा होते. पूर्वी बँकेतला ओळखीचा साहेब बऱ्याच गोष्टी सांभाळून घेत असे. आता लॉगिन, ओटीपी आणि आधारशी जुळणारे नाव या तीन गोष्टींवर सारे अवलंबून असते, आणि ७५ वर्षांच्या सुभेदारांना किंवा त्यांच्या पत्नीला हे एकट्याने करणे अवघड जाते. संगणक हाताळणाऱ्या महाविद्यालयीन मुलामुलींनी एखाद्या रविवारी हे काम हाती घेतले तर गावातील सगळ्या पेन्शनधारकांचे काम मार्गी लागू शकते.

पहिले काम हयातीच्या दाखल्याचे. दर वर्षी ओळख पटवली नाही तर पेन्शन थांबते. बहुतेकांसाठी हे काम नोव्हेंबरमध्ये करण्याची प्रथा आहे आणि ८० वर्षांवरील पेन्शनधारकांना ते ऑक्टोबरपासून करता येते. मोबाइलवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन ॲप घेऊन चेहऱ्याद्वारे दाखला देता येतो. बोटांचे ठसे झिजलेल्या शेतकरी माणसांसाठी ही मोठीच सोय आहे. इथे होणारी नेहमीची चूक अशी की पेन्शन देणारी संस्था म्हणून सवयीने बँक निवडली जाते. पेन्शन स्पर्शवर गेलेली असेल तर यादीतून स्पर्शचाच पर्याय निवडावा लागतो, नाहीतर दाखला निघतो पण योग्य ठिकाणी पोहोचत नाही आणि दोन महिन्यांनी पेन्शन बंद झाल्यावर धावपळ सुरू होते. दाखला दिल्यानंतर तो स्वीकारला गेला आहे का, हे स्पर्शवर पाहून मगच काम पूर्ण झाले असे समजावे. घरी संगणक नसेल तर गावातील सामाईक सेवा केंद्रातही स्पर्शची कामे होतात.

दुसरे काम याहून महत्त्वाचे आहे आणि ते सैनिक हयात असतानाच करायला हवे. पीपीओवर, म्हणजे पेन्शन अदा करण्याच्या आदेशावर, पत्नीचे नाव आणि जन्मतारीख आहे का आणि ती आधारकार्डाशी जुळते का, हे तपासावे. १९७० किंवा १९८० च्या दशकात भरती झालेल्या अनेकांच्या नोंदीत पत्नीचे माहेरचे नाव, घरगुती नाव किंवा युनिटमधल्या लेखनिकाने ऐकून लिहिलेले नाव आहे. ‘शांताबाई’ची ‘शांती देवी’ झालेली असते आणि जन्मतारखेचा रकाना कोरा असतो. पतीच्या निधनानंतर हीच तफावत कुटुंब-पेन्शन अडवून धरते. ८० व्या वर्षापासून पेन्शन आणि कुटुंब-पेन्शन दोन्हींत २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ती ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० व्या वर्षी पेन्शन दुप्पट होते. ज्या विधवेची जन्मतारीखच नोंदीत नाही, तिला ही वाढ आपोआप कशी मिळणार?

दुरुस्तीसाठी सैनिकाच्या रेकॉर्ड ऑफिसशी, म्हणजे त्याच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाशी, पत्रव्यवहार करावा लागतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला. पत्राच्या सुरुवातीलाच सैनिकाचा आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, युनिट आणि पीपीओ क्रमांक लिहावा. त्यासोबत आधार, पॅन, बँक पासबुक, डिस्चार्ज बुकच्या (सेवामुक्त होताना मिळणाऱ्या नोंदपुस्तकाच्या) कुटुंबाच्या नोंदी असलेल्या पानाची प्रत आणि दोन नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे शिफारसपत्र घेता आले तर काम लवकर होते. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती त्याच फाइलमध्ये लावावी.

ती फाइल प्रत्येक निवृत्त सैनिकाच्या घरी असलीच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि त्यानंतर आलेले सुधारित आदेश, ईसीएचएस (माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना) कार्डे, माजी सैनिक ओळखपत्र, पती-पत्नीचे संयुक्त खाते असलेले पासबुक, स्पर्शचा वापरकर्ता क्रमांक आणि मुलांचे जन्मदाखले हे सर्व एका जागी असावे आणि ती फाइल कुठे आहे हे पत्नीला आणि एका मुलाला किंवा मुलीला माहीत असावे. पासवर्ड आणि ओटीपी मात्र मदत करणाऱ्याने स्वतःकडे ठेवू नयेत. पेन्शनधारक किंवा घरातील व्यक्ती समोर बसलेली असतानाच लॉगिन करावे, कारण निवृत्त सैनिकांना लुबाडणाऱ्यांची सुरुवात बहुतेक वेळा “काका, ओटीपी सांगा” इथूनच होते.

पेन्शनच न मिळणारे माजी सैनिकही आहेत, आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाहीत. पेन्शनपात्र सेवा पूर्ण होण्याआधी घरी आलेल्या, हवालदार किंवा त्याखालील हुद्द्याच्या, ६५ वर्षांवरील माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक मंडळामार्फत दरमहा अनुदान मिळू शकते. नोव्हेंबर २०२५ पासून ही रक्कम ४,००० वरून ८,००० रुपये करण्यात आली. त्याच वेळी मुलांच्या शिक्षणाचे अनुदान दरमहा २,००० रुपये आणि मुलीच्या लग्नासाठीचे अनुदान १ लाख रुपये झाले. आपल्या गावात ‘पूर्वी मिलिटरीत होते’ असे ज्यांच्याबद्दल बोलले जाते त्या वृद्धाकडे किंवा त्यांच्या पत्नीकडे जाऊन डिस्चार्ज बुक आहे का, एवढे विचारावे. अशा एका भेटीतून वृद्धाच्या औषधपाण्याची कायमची सोय लागू शकते.

मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे. बारावीला किमान ६० टक्के गुण आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष या तिच्या मुख्य अटी असून मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये मिळतात. पहिल्या वर्षी अर्ज करायचा राहून गेला तर संधी हातची जाते, म्हणून प्राचार्यांनी आणि वर्गशिक्षकांनी प्रवेशाच्या वेळीच माजी सैनिकांच्या पाल्यांची यादी करून त्यांना सांगावे. राज्यात जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिकी मुलामुलींची वसतिगृहेही आहेत. राज्य शासनाने २०२० मध्ये माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा पत्नींसाठी मालमत्ता कर माफीची योजनाही बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने आणली. ग्रामपंचायतीने किंवा नगरपालिकेने ती स्वतःहून लावली नसेल तर अर्ज द्यावा लागतो.

आजारपण आणि ईसीएचएस

१ एप्रिल २००३ पासून सुरू झालेली माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना ही निवृत्तांसाठी फार मोठी सोय आहे, पण तिची वाट पॉलिक्लिनिकमधून, म्हणजे या योजनेच्या स्वतःच्या दवाखान्यातून, जाते. आधी पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी आणि मग तिथल्या शिफारशीने मान्यताप्राप्त रुग्णालय, असा क्रम असतो. तालुक्यापासून दूर राहणाऱ्या जोडप्याला महिन्याची औषधे आणण्यासाठी दिवस घालवावा लागतो. ज्यांच्याकडे वाहन आहे त्यांनी वाडीतील दोन-तीन पेन्शनधारकांना मिळून एका दिवशी नेण्याची व्यवस्था केली तर त्या सर्वांचाच त्रास कमी होतो.

तातडीच्या वेळी मान्यता नसलेल्या रुग्णालयात भरती करावे लागले तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवणे आवश्यक असते. त्या गोंधळात घरच्यांना हे सुचत नाही. शेजाऱ्याने कळवण्याची जबाबदारी घेतली, रुग्णालयाची कागदपत्रे आणि बिले जपून ठेवली, तर नंतर लाखांच्या घरातली रक्कम वाचू शकते.

वीरपत्नी आणि वीरमाता : तेराव्या दिवसानंतर

जवान धारातीर्थी पडल्याची बातमी आली की पहिले काही दिवस घर माणसांनी भरून जाते. पुढारी येतात, घोषणा होतात, रस्त्याला नाव देण्याचे ठराव होतात. त्या दिवसांत नागरिकांनी दोन गोष्टी कराव्यात. पार्थिव येण्याआधी आणि नंतर घरच्यांचे, विशेषतः लहान मुलांचे, रडतानाचे चित्रीकरण होऊ देऊ नये. आणि कोणी काय जाहीर केले, कोणत्या तारखेला, कोणासमोर, हे एका वहीत लिहून ठेवावे. सहा महिन्यांनी त्या वहीची गरज पडते.

खरी मदत तेराव्यानंतर सुरू होते. कुटुंब-पेन्शन, विमा, केंद्र आणि राज्याचे सानुग्रह अनुदान, भविष्य निर्वाह निधी, मुलांच्या शिक्षणाच्या सवलती यांची कागदपत्रे वेगवेगळ्या कार्यालयांतून येतात. युनिटमधून एक माणूस मदतीला येतो, पण तो काही दिवसांनी परततो. एका समंजस नातेवाइकाने किंवा शेजारणीने त्या ताईसोबत बसून प्रत्येक रकमेची नोंद, तिचा आदेश क्रमांक आणि ती कोणत्या खात्यात जमा झाली, हे लिहीत जावे.

पैशावरून सासर-माहेरात वाद होतो, हे दुःखद असले तरी वारंवार घडते. कुटुंब-पेन्शन सामान्यतः पत्नीला मिळते आणि इतर काही रकमा नामनिर्देशनाप्रमाणे दिल्या जातात. काही अनुदानांत आईवडिलांचाही वाटा ठरलेला असतो. गावाने या वादात पंच बनून सुनेवर किंवा सासू-सासऱ्यांवर दबाव आणू नये. तिच्याकडून घाईने कोऱ्या कागदावर सही घेतली जाणार नाही आणि मोठी रक्कम लगेच कुणाच्या धंद्यात गुंतवली जाणार नाही, एवढे जपावे. मतभेद मिटत नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाचा मार्ग वर सांगितला आहेच.

सैनिक टाकळी ज्या शिरोळ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसे करण्यास सांगितले. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, हळदी-कुंकवाला न बोलावणे हे ज्या गावात चालते, त्या गावाने स्मारकावर कितीही फुले वाहिली तरी वीरपत्नीचा सन्मान झाला असे मी मानणार नाही. आपल्या ग्रामसभेत असा ठराव मांडणे हे कोणत्याही नागरिकाला शक्य आहे.

तिचे शिक्षण आणि नोकरी यांकडेही लक्ष द्यावे. कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाल्यानंतर त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी सैन्यात जाण्याचे ठरवले, त्यांच्यासाठी वयाची अट शिथिल केली गेली आणि २०१७ मध्ये त्या चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. प्रत्येकीने हाच मार्ग निवडावा असे नाही. पण पदवी पूर्ण करायची असेल, संगणक शिकायचा असेल किंवा वाहन चालवायला शिकायचे असेल, तर मुलांना दोन तास सांभाळणारे कुणीतरी हवे असते.

पैसे द्यायचे असतील तर

पैसे देणे सोपे आहे, पण ते योग्य ठिकाणी द्यावेत. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वज दिन १९४९ पासून पाळला जातो आणि त्या निधीतून माजी सैनिक, विधवा व त्यांच्या मुलांसाठी काम होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पावती घेऊन रक्कम देता येते. युद्धात आणि लष्करी कारवाईत मृत्यू पावलेल्या व अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठी वेगळा निधी असून त्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून ‘माँ भारती के सपूत’ हे संकेतस्थळ आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील हुतात्म्यांसाठी गृह मंत्रालयाचे ‘भारत के वीर’ २०१७ पासून आहे.

शस्त्रखरेदीसाठी रोज एक रुपया एका बँक खात्यात भरा, असे आवाहन व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरते. सैन्याची शस्त्रे लोकवर्गणीतून घेतली जात नाहीत. असा संदेश पुढे पाठवू नये. तसेच ‘मी आर्मीत आहे, बदली झाली म्हणून सामान स्वस्तात विकतो’ असे सांगून गणवेशातले फोटो आणि ओळखपत्र पाठवणारे भामटे असतात. गणवेशाचा फोटो पाहून आगाऊ रक्कम पाठवू नये.

पुण्याजवळच्यांना आणखी दोन ठिकाणे जवळ आहेत. खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र पाठीच्या कण्याच्या दुखापतीमुळे व्हीलचेअरवर आलेल्या सैनिकांसाठी १९७४ पासून काम करते आणि तिथले काही रहिवासी तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. खडकीतच असलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था १९१७ पासून अपंग सैनिकांना व्यवसाय शिक्षण देत आहे. आधी कार्यालयाशी बोलून काय हवे ते विचारावे, चित्रे विकत घ्यावीत, बुद्धिबळ किंवा गप्पांसाठी नियमित जावे. १९६५ च्या युद्धात जबर जखमी झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये जलतरणात सुवर्णपदक जिंकू शकले, त्यामागे जखमी सैनिकाला पुन्हा खेळात आणणारी माणसे होती. दया दाखवण्यासाठी तिथे जाऊ नये.

राखी, फराळ आणि मौन

शाळांनी राख्या आणि दिवाळीचा फराळ पाठवण्याची आपल्याकडची प्रथा चांगली आहे. ओळखीचा सैनिक असेल तर पत्त्यात नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ लिहावे. सैनिकी टपालाचा पिनकोड ९ पासून सुरू होतो. अशा पत्त्यावर खाजगी कुरिअर पोहोचत नाही, म्हणून टपाल कार्यालयातूनच आणि सणाच्या पुरेसे आधी पाठवावे. चिवडा, शंकरपाळे, रव्याचे लाडू टिकतात. ओल्या नारळाचे पदार्थ पाठवू नयेत. मुलांनी लिहिलेले पत्र मात्र जरूर असावे आणि त्यात घोषणांपेक्षा आपल्या शाळेची, पावसाची, मैदानाची हकिकत असावी.

त्याचे युनिट कुठे हलले, तो कोणत्या गाडीने निघाला, चौकीवरून त्याने काय पाठवले, हे समाजमाध्यमांवर टाकू नये. स्टेशनवर दिसलेल्या लष्करी गाडीचा किंवा महामार्गावरच्या ताफ्याचा व्हिडिओ काढून पसरवणे थेट जिवावर बेतू शकते.

सुट्टीवर आलेल्या किंवा निवृत्त झालेल्या सैनिकाला “किती जणांना मारले?” असे विचारणे क्रूरपणाचे आहे. तो बोलेल तेव्हा ऐकावे. झोप न लागणे, फटाक्यांच्या आवाजाने दचकणे, दारू वाढणे, घरच्यांपासून तुटणे ही लक्षणे दिसली तर त्याला हिणवू नये. १४४१६ या टेलि-मानस (मानसिक आरोग्यासाठीची शासकीय दूरध्वनी सेवा) क्रमांकावर मराठीतही बोलता येते आणि सैन्यदलांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ पासून टेलि-मानसचा विशेष कक्ष आहे. क्रमांक हातात देण्यापेक्षा त्याच्याजवळ बसून फोन लावून द्यावा.

नोकरी देणाऱ्यांसाठी

जवान पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. मुले शाळेत असतात, घराचे कर्ज असते आणि पुढे वीस वर्षे काम करण्याची ताकद असते. महाराष्ट्रात गट क आणि ड च्या पदांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण सर्वांना सरकारी नोकरी मिळणे शक्य नाही आणि खाजगी क्षेत्रात त्यांच्यासाठी बहुधा एकच जागा डोळ्यांसमोर येते, फाटकावरची.

या समजुतीमुळे कितीतरी कौशल्य वाया जाते. सिग्नल्समधून आलेल्या माणसाने संदेशयंत्रणा चालवलेली असते, ईएमईच्या, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागाच्या, माणसाने बर्फात गाड्या दुरुस्त केलेल्या असतात, नर्सिंग असिस्टंटने जखमी सांभाळलेले असतात आणि सर्व्हिस कोअरच्या हवालदाराने शेकडो जणांचा शिधा हिशेबासह पुरवलेला असतो. कारखानदाराने, रुग्णालयाने किंवा साखर कारखान्याच्या व्यवस्थापनाने मुलाखतीत डिस्चार्ज बुक उघडून त्यातली ट्रेडची (सैन्यातील कामाच्या प्रकाराची) नोंद, केलेले कोर्स आणि वर्तणुकीचा शेरा वाचावा. हुद्द्याबरोबर हाताखाली किती माणसे आणि कोणती सामग्री होती हेही विचारावे. १५ वर्षांची सेवा झालेल्यांना मिळणारे पदवी-समकक्ष प्रमाणपत्र समजून घ्यावे. सुरक्षारक्षकच हवे असतील तर पुण्याच्या महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळामार्फत, म्हणजे मेस्कोमार्फत, घ्यावेत.

अग्निवीरांचा प्रश्न आता दारात येऊन ठेपला आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के तरुणांना नियमित सेवेत घेण्याची तरतूद आहे. पहिली तुकडी डिसेंबर २०२२ आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला गेली, म्हणजे २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या सुरुवातीस तिची चार वर्षे भरतात. बाहेर पडणाऱ्यांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवा निधी मिळेल, पण पेन्शन, ईसीएचएस आणि माजी सैनिकाचा दर्जा यांची तरतूद योजनेत नाही. त्यामुळे या लेखात वर सांगितलेली बहुतेक दारे त्यांच्यासाठी बंद असतील.

तेवीस-चोवीस वर्षांचा हा मुलगा घरी येईल तेव्हा त्याच्या हातात आयुष्यातली पहिली मोठी रक्कम असेल आणि ती मागणारे पुष्कळ असतील. गावातील बँक व्यवस्थापकाने, शिक्षकाने किंवा जुन्या सुभेदारांनी त्याला आधीच गाठावे आणि निदान निम्मी रक्कम काही काळ मुदत ठेवीत ठेवण्याचे पटवून द्यावे. महाविद्यालयांनी अर्धवट राहिलेले शिक्षण पुढे चालू करण्यासाठी त्याची कागदपत्रे तपासून ठेवावीत. औद्योगिक वसाहतींतील उद्योजकांनी आपल्याकडे कोणत्या जागा निघणार आहेत आणि त्यांना कोणते कौशल्य लागते, याची यादी करून ती ग्रामपंचायतींपर्यंत आतापासूनच पोहोचवावी, म्हणजे मुलगा सुट्टीवर येईल तेव्हाच त्याच्याशी बोलता येईल आणि युनिटमध्ये असतानाच त्याला मिळणाऱ्या कौशल्य प्रमाणपत्रासाठी योग्य ट्रेड निवडता येईल.